घट्ट झाली तं माह्याकडं आनजो

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची अंगठी आहे. अंगठी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गोल वस्तू येते, म्हणून आधीच सांगून टाकते की मी आता पुरती गोल नाही. तळव्याकडच्या बाजूला मला एक फट आहे, तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढी. येणारे-जाणारे आधी ती फट बघतात आणि मग माझा लाल खडा, अकीक. अकीकाला याचा राग येतो. मला येत नाही. त्या फटीनंच एका माणसाचं बोट वाचवलं आहे, आणि अकीकानं आजवर फक्त चमकण्याचं काम केलं आहे.

माझा जन्म केळापूरचा. रहमतमियाँ तिथे चांदीकाम करत. त्यांच्या बायकोचा एक तोडा तुटला होता, तो त्यांनी वितळवला आणि त्यातून मी निघाले. कारण असं की त्यांच्या मुलीची, गुलनारची, मंगनी वणीच्या तारिकशी ठरली होती आणि जावयाला अंगठी द्यायची होती. आता अंगठी म्हटली की माप हवं. पण माप उघड विचारण्याची रीत त्या घरात नव्हती. विचारलं तर मुलाला आधीच कळतं, आणि मुलगा शेफारतो. म्हणून तारिक भेटायला आला तेव्हा रहमतमियाँनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि सोडलाच नाही. पावसापाण्याची चौकशी झाली, कापसाच्या भावाची झाली, तारिकच्या चुलत्याच्या मोतीबिंदूची झाली, तरी हात धरलेलाच. तारिकला वाटलं, काय मायाळू सासरा मिळाला. सासरा माप घेत होता.

तेही नेमकं घेऊन थांबले असते तर ठीक. पण ते म्हणाले, "पोट्टा लय सुकला हाय. गुलनारच्या हातचं खाऊन भरंन." आणि शाळेत जाणाऱ्या पोराचा गणवेश जसा वाढत्या अंगाचा शिवतात, तशी मला त्यांनी वाढत्या बोटाची घडवली. परिणाम असा झाला की मंगनीच्या दिवशी तारिकनं मिठाईच्या ताटात हात घातला तेव्हा हात बाहेर आला आणि मी बर्फीत राहिले. सगळे हसले. रहमतमियाँ हसले नाहीत. त्यांनी मला पुसलं, आतून लाल धागा गुंडाळला, पुन्हा बोटात चढवलं आणि जावयाला सांगितलं, "सैल झाली तं धागा गुंडाळजो. घट्ट झाली तं माह्याकडं आनजो."

हे वाक्य लक्षात ठेवा. तारिकनं फार लक्षात ठेवलं, आणि तिथूनच सगळा घोळ झाला.

तारिक कमानपट्ट्याचा मिस्त्री. ट्रकच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांची जी जाड कमान असते, ज्याच्यामुळे गाडी खड्ड्यात आपटत नाही, ती तुटली की त्याच्याकडे येते. वणीत कोळशाचे ट्रक आहेत आणि त्या ट्रकांच्या नशिबी तिथले रस्ते आहेत, त्यामुळे तारिक मिस्त्री कधी रिकामा बसला नाही. चंद्रपूर रस्त्याला त्याचं गॅरेज, आणि गॅरेजच्या मागे घर. मी दिवसभर ग्रीस, काजळी आणि घामात असायची. धागा होता तोवर मी बोटाभोवती फिरायची. अकीक कधी वर, कधी खाली, कधी शेजारच्या बोटाला टोचायचा. एका जागी बसणं माझ्या स्वभावातच नाही. दर ईदला गुलनार मला काढून राखेनं घासायची आणि नवा धागा गुंडाळायची. त्या दिवसांत गॅरेजमध्ये आलेला माणूस आधी मला बघायचा आणि मग बिल.

पुढे रहमतमियाँचं भाकीत खरं ठरलं. जावई भरला. धागा पातळ झाला, मग गेलाच. मग एका ईदला मी निघेचना. तोपर्यंत रहमतमियाँ हे जग सोडून गेले होते. घट्ट झाली तर ज्यांच्याकडे न्यायची, तेच राहिले नाहीत, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती मला द्यायचं तारिकच्या मनाला पटेना. मग तो म्हणू लागला, "निघत नाही तेच चांगलं. हरवायचं भेव नाही."

मित्रांनो, सैल वस्तूकडे माणसाचं लक्ष असतं, कारण ती जाईल अशी भीती असते. घट्ट वस्तूला कोणी विचारत नाही. मी तिथेच होते, पण मला फिरता येत नव्हतं, आणि न फिरता बसणं म्हणजे काय, हे वर्गात हाताची घडी घालून बसवलेल्या मुलाला विचारा.

तारिकला हे माहीत नव्हतं असं नाही. कोणा नव्या कारागिराच्या हातात कडं दिसलं की तो ओरडायचा, "काढ ते आधी. लोखंडाले दागिन्याची ओळख नसते." हे तो माझ्यासकट हात हलवून सांगायचा.

आता गेल्या कापसाच्या हंगामातला तो दिवस.

सकाळी किसनरावांची पिकअप गाडी आली होती. किसनराव म्हणजे लांबच्या खेड्यातले कापूसवाले शेतकरी. त्यांना कापूस घेऊन जिनिंग गिरणीत जायची घाई, आणि गाडीचा पट्टा तुटलेला. तारिक टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून पट्टा उचलत होता, टॉमी घसरली, आणि त्याचा उजवा हात पट्टा आणि गाडीच्या सांगाड्याच्या मध्ये सापडला. लगेच निघाला, पण निघेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. माझं बोट सुजायला लागलं.

"मिस्त्री, अंगठी काढून घे आधी," किसनराव म्हणाले. "मंग निघनार नाही."

तारिकनं मला ओढलं. मी पेराच्या हाडापर्यंत गेले आणि थांबले. त्यानं ग्रीस लावलं, पुन्हा ओढलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "सूज उतरली का आपोआप निघते. अन् घरात सांगू नका. गुलनारच्या अब्बाची अंगठी हाय. ओढताड केली म्हनून तिले उगाच लागंन."

मग सूज उतरवण्याची कामगिरी सुरू झाली. किसनरावांनी सदऱ्याच्या खिशातून एक पाकीट काढलं. "ही लाल गोळी घे. माह्या गुडघ्याची सूज उतरवते थे. गुडघा पाह्य केवढा हाय. तुहं तं बोट हाय."

हा हिशोब कोणालाही पटण्यासारखा होता. तारिकनं गोळी घेतली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

थोड्या वेळानं देवीलाल आला. देवीलाल कोळशाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, गॅरेजचा रोजचा माणूस. त्यानं बोट पाहिलं आणि मान हलवली. "लाल काहून देल्ली काकानं? ते बुढ्या मानसाइची गोळी हाय. ही पिवळी घे. माही कंबर हिच्यावरच चालते, गाडी डिझलवर चालते."

तारिकनं पिवळीही घेतली. तरी त्याच्या मनाला चैन पडेना. तो समोरच्या औषधाच्या दुकानात जाऊन म्हणाला, "सूज उतरवाची द्या, जरा भारीतली." दुकानदारानं रीतसर विचारलं, "आधी काही घेतलं का?" तारिक म्हणाला, "कुठं काही." आणि एक पांढरी घेऊन आला.

तासाभरानं दुखणं उतरलं. तारिक हसला. डाव्या हातात पाना घेऊन कामालाही लागला.

पण सूज तिथेच होती. मित्रांनो, दुखणं आणि सूज हे एकाच खोलीतले दोन भाडेकरू आहेत. एक निघून गेला म्हणून दुसऱ्यानं खोली सोडली असं होत नाही. हे त्या गॅरेजमध्ये फक्त मला कळत होतं, कारण मी त्या खोलीच्या दारातच उभी होते. मी घट्ट झाले नव्हते. मी होते तेवढीच होते. बोट मोठं होत होतं, आणि माझ्या दोन्ही अंगांनी कातडी फुगून वर आली होती. बोटात एक ठोका असतो. वीस-बावीस वर्षं मी तो ऐकत आले होते. आधी तो जोरानं धडकू लागला. मग लांबून आल्यासारखा. मला वाटत होतं की वितळून जावं, उडी मारावी, काहीही करावं. पण चांदीला हातपाय नसतात. मी फक्त आवळत होते, आणि ज्याला आवळत होते तो मजेत शीळ घालत होता.

दुपारपर्यंत बोट बधिर झालं.

"आता तं काहीच वाटून नाही राह्यलं," तारिक देवीलालला म्हणाला. "गोळी लागली बरं."

"म्या सांगतलं नव्हतं? पिवळीचं काम हाय."

"पिवळी कायले? माही लाल आधी गेलती पोटात," किसनराव म्हणाले. श्रेयाचं हे भांडण चाललं होतं आणि मला तो ठोका ऐकू येईनासा झाला होता.

तेवढ्यात गुलनार भाकरी घेऊन आली. तारिकनं उजवा हात फडक्यात गुंडाळला, पाटावर बसला, आणि डाव्या हातानं घास तोडला.

गुलनार उभी राहिली ती उभीच. तिच्या माहेरी नि सासरी कोणी डाव्या हातानं घास उचलत नाही. लहान मुलानं उचलला तर हातावर चापट बसते.

"अस्माचे अब्बा, उजव्या हाताले काय झालं?" लेकीच्या नावानं हाक मारत तिनं विचारलं.

"कुठं काय? ग्रीस हाय."

"ग्रीस तं लगीन झालं तवापासून हाय. दाखवा."

त्यानं फडकं सोडलं. बोट पिकल्या जांभळासारखं झालं होतं, आणि मी त्यात रुतून बसले होते. अकीक तेवढा दिसत होता. गुलनारनं बोटाचं टोक चिमटीत दाबलं आणि सोडलं. तिथे पांढरा ठसा पडला आणि तो तसाच राहिला.

"दुखते का?"

"नाही ना. तेच तं सांगून राह्यलो. दुखतच नाही. एकदम बरं हाय."

"दुखत नाही म्हनून तं उठा," गुलनार म्हणाली. "मेल्या मानसालेबी काही दुखत नाही."

देवीलाल पुढे झाला. "भाभी, ग्राइंडर लावू का? एक सेकंदाचं काम हाय."

त्या गॅरेजमध्ये मला कापू शकणारी हत्यारं पुष्कळ होती. अडचण एवढीच होती की त्यातलं प्रत्येक हत्यार माझ्यासकट मिस्त्रीही कापू शकत होतं. सगळ्यांनी ग्राइंडरकडे पाहिलं, मग बोटाकडे, आणि मग देवीलालकडे. देवीलाल म्हणाला, "म्या आपलं विचारलं."

किसनरावांची गाडी जॅकवर लटकलेली. म्हणून आम्ही देवीलालच्या ट्रकमधून दवाखान्यात गेलो. मागे कोळसा, पुढे आम्ही. गुलनारनं वाटभर तारिकचा हात वर धरून ठेवला होता, आणि समोरून येणारे ओळखीचे लोक त्याला सलाम समजून सलाम करत होते.

दवाखाना छोटासाच होता. डॉक्टर निशिगंधा मॅडमनी बोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"गार पडलंय. कधी झालं हे?"

"सकाळी."

"मग सकाळी का नाही आलात?"

"म्याडम, सूज उतरवाची गोळी घेतली ना."

"कोणती?"

"आधी लाल. मंग पिवळी. मंग पांढरी."

देवीलालनं खिशातून पाकिटं काढून टेबलावर ठेवली. लाल गोळीचं पाकीटही त्यानं किसनरावांकडून मागून घेतलं होतं, बहुतेक पिवळीची सरशी सिद्ध करायला. मॅडमनी तिन्हींवरची बारीक अक्षरं वाचली.

"तिन्हींत औषध एकच आहे."

तारिकनं तिन्ही पाकिटं ओळीनं लावून पाहिली. मग म्हणाला, "म्हंजे गाडी एकच. रंगच तीन."

"हो. आणि तुम्ही तिप्पट घेतलंत, तेही उपाशी पोटी. पोटात जळजळ होतेय?"

"होऊन तं राह्यली. मले वाटलं टेन्शन हाय."

मॅडम बोलता बोलता कपाटात काहीतरी शोधत होत्या. "एक गोळी जेवून घेतली असती तर दुखणं कमी झालं असतं. सूज उतरायला मात्र दिवस लागतात, तास नाही. आणि या बोटाला तर गोळी पोचलीच नसती. गोळी रक्तातून जाते. रक्त अंगठीनं अडवलंय."

हे तारिकला एकदम समजलं. "पाइप दबला हाय."

"दबलाय. अंगठी कापायची, आत्ता. अजून उशीर केला तर बोटाबद्दल मी काही सांगू शकणार नाही."

तारिकनं हात मागे घेतला. एवढ्या बधिर बोटाचा हातही तो मागे घेऊ शकला, याचं मला नवल वाटलं. "म्याडम, सासऱ्याची हाय. त्याईनं सोताच्या हातानं केली. सांगतलं होतं, घट्ट झाली तं माह्याकडं आनजो. दुसऱ्या कोनाले हात लावू देल्ला नाही म्या."

मॅडमनी गुलनारकडे पाहिलं. बोलली ती गुलनार.

"अब्बा असते तं तुमी नेली असती ना?"

"नेली असती."

"अन् अब्बानं काय केलं असतं? कापलीच असती. कापल्याबिगर का मोठी होते अंगठी?" तिनं त्याचा हात धरून टेबलावर ठेवला. "अब्बा नाही. म्या हाय. म्या आनलं तुमाले. कापा म्याडम."

मॅडमनी एक छोटंसं अवजार काढलं. डबा उघडायच्या चावीसारखं, टोकाला दातेरी चाक. एक पातळ जीभ त्यांनी माझ्या आणि कातडीच्या मध्ये सरकवली, चाक माझ्यावर टेकवलं आणि चावी फिरवली. फिरेना. पुन्हा फिरवली. चाक कुरकुरलं आणि अडलं.

तारिक एवढा वेळ नजर दुसरीकडे लावून बसला होता. कुरकुर ऐकताच त्याची मान वळली. स्वतःच्या बोटाचं होईल ते होवो, पण हत्याराचा असा आवाज त्याला सोसत नाही.

"थांबा म्याडम. याचा इस्क्रू जास्त कसला हाय. मशीन दाबून धरली तं चाक फिरंन कसं? देवीलाल, रुपया काढ. हां, त्या खाचीत लाव. अर्धा फेरा ढिला कर. अर्धाच बे, पुरा नाही. आता फिरवा."

फिरलं. माझा मालक मला कापायचं हत्यार दुरुस्त करून शांत बसला होता.

मला दुखलं का? दात माझ्यात उतरत होते तेव्हा माझं तिकडे लक्षच नव्हतं, मी फक्त ठोका परत येतो का ते ऐकत होते. चांदीचा बारीक भुगा पांढऱ्या कापडावर पडत होता. मग टक् असा आवाज झाला. मॅडमनी दोन चिमट्यांनी माझी दोन्ही टोकं धरून मला उघडलं, आणि कितीतरी वर्षांनी माझ्या आणि बोटाच्या मधून वारा गेला.

काहीच झालं नाही. गुलनारचा हात तारिकच्या खांद्यावर घट्ट रुतला होता. मॅडम बोटाकडे बघत होत्या. देवीलालनं रुपया मुठीत धरून ठेवला होता.

मग एक ठोका आला. फार लांबून, पण आला. मग दुसरा. बोटाच्या टोकावरचा तो पांढरा रंग हळूहळू गुलाबी होऊ लागला, आणि तारिक खुर्चीतून अर्धा उठला.

"अगं बाप्पा रे."

"दुखते?" गुलनारनं विचारलं.

"दुखते म्हंजे? जीव चालला माहा."

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि तिथेच जमिनीवर बसून तिनं ओढणीनं डोळे पुसले.

हाड शाबूत होतं. मॅडमनी हात उंच ठेवायला सांगितला, कापडात गुंडाळून बर्फ लावायला सांगितला. पोट निवेपर्यंत गोळी नाही. पुढे गरज पडली तर विचारून, एकाच रंगाची, जेवणानंतर. किसनरावांना निरोप धाडला की गुडघ्यासाठी रोज गोळी खात असाल तर एकदा येऊन रक्तदाब आणि मूत्रपिंड तपासून घ्या. किसनराव रागावले, आणि आठवड्यानं जाऊन आले.

मला गुलनारनं ओढणीच्या टोकाला बांधून घरी आणलं. सगळ्यांना वाटलं, आता सोनाराकडे नेऊन ही डाग देऊन आणेल, पूर्वीसारखी गोल करेल. गुलनारनं पेटीतून अब्बाची बारीक कानस काढली. दुपारभर दारात बसून माझी कापलेली टोकं तिनं घासली, बोटाला ओरखडा पडणार नाही इतकी गुळगुळीत केली, आणि फट तशीच ठेवली.

"आता घट्टच होनार नाही," ती म्हणाली. "कोनाकडं न्यायचं कामच नाही."

आता दिवसा मी गॅरेजमध्ये गाड्यांच्या किल्ल्यांजवळ खिळ्यावर असते आणि संध्याकाळी हात धुतल्यावर बोटात जाते. मला पुन्हा फिरता येतं. पण खिळ्यावर जीव काही स्वस्थ बसत नाही. येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे माझी नजर जाते. कोणाच्या बोटात पोवळं, कोणाच्या मनगटात कडं, कोणाच्या लेकीच्या हातात बांगड्या. मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. हाताला लागलं, काही चावलं, सूज दिसू लागली, की गोळीच्या आधी माझ्या भावंडांना काढा. सहज निघतील तेव्हाच काढा. नाही निघाली तर वाट बघू नका. आणि सुजलेलं बोट दुखायचं थांबलं म्हणून खूष होण्याआधी त्याचं टोक दाबून बघा, लाली परत येते का. गोळी गुणाची असते, पण तिला अंगठी काढता येत नाही.

तारिकला आता एक सवय लागली आहे. गॅरेजमध्ये कोणी आलं की तो त्याचा हात दोन्ही हातांत घेतो आणि लवकर सोडत नाही. कापसाचा भाव विचारतो, गुडघ्याची चौकशी करतो, तरी हात धरलेलाच. किसनराव परवा देवीलालला म्हणत होते, "मिस्त्री आजकाल लय मायाळू झाला बाप्पा."

मी खिळ्यावरून बघत होते. त्याचा अंगठा किसनरावांच्या पोवळ्याच्या अंगठीखाली जागा किती आहे ते चाचपत होता.